परभूमीला दत्तक गेलेला पुत्र
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मृतांच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याचा आनंद आपण वर्षभर नानापरींनी साजरा केला. मिरवणूक झाली, नाटक झाले, जेवणाच्या पंगतीही उठल्या. त्या आनंदात, ज्यांनी हे देऊळ उभारण्यासाठी डोक्यावरून दगड वाहिले आणि जे आज मागील दफनभूमीत विसावले आहेत, त्यांचा विसर पडू नये एवढ्यासाठी ही सभा. त्यांच्या नावांची यादी मघाशी वाचण्यात आली. ती ऐकत असता आमच्या मनात आले की, या यादीत न बसणारीही काही नावे आपल्या घराघरांत आहेत. पोटासाठी किंवा शिक्षणासाठी जे समुद्रापलीकडे गेले, तेथेच संसार थाटून राहिले आणि तेथेच ज्यांना माती मिळाली, त्यांची नोंद आपल्या दफनवहीत कोठून असणार? तथापि त्यांचा स्नानसंस्कार याच वेदीसमोर झाला होता.

अशा कुटुंबांतील वडील मंडळी आम्हांस कधी कधी एक प्रश्न विचारतात. मुलाने परदेशाचे नागरिकत्व घेतले. उद्या तो तेथील लष्करात शिरला आणि तेथल्या निशाणाखाली कामी आला, तर त्याला कोणाचा म्हणावयाचे? आणि ज्या लढाईत तो पडला तिच्या बऱ्यावाईटाचा जाब त्याला द्यावा लागेल काय? प्रश्न साधा नाही. सेमिनारीत असताना नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही युद्धाविषयीचे प्रकरण शिकलो होतो, व त्यातील सूत्रे आम्हांस अद्यापि पाठ आहेत; परंतु सूत्रांनी आईचे समाधान होत नाही. म्हणून आज आम्ही सूत्रे बाजूस ठेवून एका माणसाचे चरित्र आपल्यापुढे मांडणार आहोत. हा माणूस आपल्या देशाचा नव्हे, आपल्या भाषेचा नव्हे. आपला त्याच्याशी संबंध एवढाच की तो आपल्याच धर्मसभेचा पुत्र होता. त्याचे नाव कॅप्टन मायल्स कीओ.

मायल्सचा जन्म आयर्लंडमधील कार्लो परगण्यात, बॅरो नदीच्या काठी असलेल्या लॉक्लिनब्रिज या गावी २५ मार्च १८४० रोजी झाला. देवदूताने पवित्र मरियेला निरोप सांगितला त्या सणाचा तो दिवस. घर खाऊनपिऊन सुखी, शेतीवाडीचे, आणि मुलाबाळांनी भरलेले. पण त्या काळचा आयर्लंड म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची कथा नीट समजावयाची नाही. इंग्रजी सत्तेने कॅथलिक प्रजेवर लादलेल्या जाचक कायद्यांची आठवण तेथे अजून ताजी होती. त्या कायद्यांनी कॅथलिक माणसाला जमीन विकत घेता येत नसे, सरकारी अधिकाराची जागा मिळत नसे. त्यांतले शेवटचे मोठे बंधन सुटले ते १८२९ साली, म्हणजे मायल्सच्या जन्माच्या अवघी अकरा वर्षे आधी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भुई दुसऱ्याच्या नावावर चढलेली पाहणे, आणि त्याच भुईवर कूळ म्हणून खंड भरणे, हे त्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेले दुःख होते. त्यात १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली, आणि जवळजवळ तितकीच जहाजात बसून देशोधडीला लागली. कीओच्या घरी चूल विझली नसेल; परंतु पाच-सहा वर्षांच्या मुलाने रस्त्याने काय पाहिले असेल, ते सांगावयास नको.

वयाच्या विसाव्या वर्षी हा तरुण इटलीस निघाला. कारण असे झाले की, १८६० साली परमगुरुस्वामी नववे पायस यांच्या अंमलाखालील प्रदेशावर चहूकडून संकट आले आणि त्यांनी कॅथलिक जगाकडे मदतीची हाक दिली. आयर्लंडमधून हजारावर तरुण धावून गेले. त्यांची संत पॅट्रिकच्या नावाची पलटण उभी राहिली, आणि तीत कीओ लेफ्टनंट झाला. शिक्षण अपुरे, हत्यारे जुनी, पोशाखाचीही ओढाताण. सप्टेंबर महिन्यात पीडमाँटच्या सैन्याने चढाई केली. कास्तेलफिदार्दो येथे १८ तारखेला परमगुरुस्वामींचे सेनापती लामोरिसिएर यांचा पराभव झाला, आणि अँकोना बंदराचा वेढा २९ तारखेला शरणागतीत संपला. कीओ अँकोनातच होता. तो कैद झाला व पुढे सुटला. परमगुरुस्वामींनी आपल्या या शिपायांना ‘प्रो पेत्री सेदे’ हे पदक दिले. कीओला त्याखेरीज संत ग्रेगरीच्या नावाचा सन्मानाचा क्रूसही मिळाला. यानंतर काही काळ तो रोममध्येच परमगुरुस्वामींच्या आयरिश रक्षकदलात राहिला.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. परमगुरुस्वामींची ती ऐहिक सत्ता राहिली नाही, आणि ती गेली म्हणून धर्मसभेचे काही अडले नाही. उलट अनेक बाबतींत ती मोकळी झाली, असे आज बहुतेक धर्मपंडित मानतात व आम्हीही मानतो. तरीपण ज्या विशीतल्या पोरांनी आपल्या पित्याची हाक ऐकून घर सोडले, त्यांच्या मनाचा चांगुलपणा त्यामुळे खोटा ठरत नाही. कार्य एक आणि ते करणाऱ्याचे अंतःकरण दुसरे, हा भेद आपणांस पुढे पुन्हा लागणार आहे.

इकडे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. दक्षिणेकडील संस्थाने गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघाली होती, आणि उत्तरेकडील सरकारला लढाईचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्यांची निकड होती. न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ह्यूज हे त्या सुमारास युरोपच्या दौऱ्यावर आले होते. ते स्वतः जन्माने आयरिश. त्यांच्या प्रेरणेने कीओ व त्याचे दोन सोबती, कीली आणि ओकीफ, यांनी रोमची नोकरी सोडली आणि एप्रिल १८६२ मध्ये ते न्यूयॉर्क बंदरात उतरले. उतरल्यावर काही दिवसांतच तिघांच्या अंगावर अमेरिकन लष्कराचा निळा पोशाख चढला. आपली मुले परदेशी गेली की आधी खोली शोधतात, मग काम शोधतात. याला काम आधी मिळाले, आणि घर म्हणाल तर शेवटपर्यंत तंबूच.

यादवी युद्धातील त्याच्या कामगिरीचा सगळा पाढा वाचण्याचे येथे प्रयोजन नाही. शेनँडोआच्या खोऱ्यापासून त्याने सुरुवात केली आणि पुढे तो जनरल जॉन ब्यूफर्ड यांच्या तैनातीत गेला. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग गावाबाहेर ब्यूफर्ड यांच्या मूठभर घोडदळाने शत्रूचे पायदळ सकाळभर रोखून धरले, म्हणून मागील सैन्याला येऊन पोहोचण्यास अवधी मिळाला. त्या सकाळी कीओ त्यांच्याबरोबर होता. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात ब्यूफर्ड विषमज्वराने मरण पावले. अखेरच्या घटकेपर्यंत त्यांच्या उशाशी बसून ज्यांनी शुश्रूषा केली त्यांत कीओ होता. पुढे १८६४ साली जॉर्जियात तो शत्रूच्या हाती सापडला, दोनेक महिन्यांनी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला, आणि युद्ध संपले तेव्हा लेफ्टनंट कर्नलचा मानाचा हुद्दा मिळवून उभा होता. गुलामांच्या बेड्या ज्या युद्धाने तुटल्या त्या युद्धात हा परका तरुण योग्य बाजूने लढला, हे आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. त्या देशाने त्याला जवळ केले, आणि त्यानेही आपले तारुण्य त्या देशाच्या पदरात घातले.

युद्धानंतर पुष्कळ आयरिश शिपाई गवंडीकामाला लागले, रेल्वेच्या कामावर गेले. कीओ मात्र लष्करातच राहिला. १८६६ साली नव्याने उभारलेल्या सातव्या घोडदळात त्याला ‘आय’ तुकडीचे कप्तानपद मिळाले. या पलटणीची रचना मोठी चमत्कारिक होती. शिपायांत आयरिश आणि जर्मन लोकांचा मोठा भरणा. कित्येकांना धड इंग्रजीही येत नसे. अधिकाऱ्यांत एक इटालियन होता, कार्लो दि रूदिओ नावाचा. त्याने १८५८ साली पॅरिसमध्ये बादशहा तिसऱ्या नेपोलियनवर बाँब टाकणाऱ्या ओर्सिनीच्या कटात भाग घेतला होता, फाशीतून वाचून काळ्या पाण्यावर गेला होता आणि तेथून निसटून अमेरिकेत आला होता. परमगुरुस्वामींसाठी लढलेला कीओ आणि त्यांच्या सत्तेच्या कट्टर वैऱ्यांचा हा सोबती एकाच निशाणाखाली एकाच सरकारचा पगार खात होते. नवा देश माणसांची जुनी वैरे कशी पोटात घालतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पुढील दहा वर्षे ओसाड मैदानांतील ठाण्यांत गेली. कीओ उंचापुरा, देखणा, शिस्तीचा, पण एकटा. त्याने लग्न केले नाही. मद्याकडे त्याची ओढ होती आणि मधूनमधून त्याचे मन खिन्नतेने ग्रासले जाई, असे त्याच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. आम्ही हे झाकून ठेवीत नाही. घरापासून तुटलेल्या माणसाच्या संध्याकाळी कशा जातात, हे ज्यांची मुले वाळवंटातील खोल्यांतून दिवस काढतात त्यांना वेगळे सांगावयास नको. १८७४ साली तो दीर्घ रजा घेऊन आयर्लंडला जाऊन आला. मावशीकडून त्याच्या वाट्याला आलेली जमीन होती. ती त्याने बहिणीच्या नावे करून दिली. जन्मभूमीतील मातीवरचा हक्क स्वखुशीने सोडून तो परत दत्तक घरी निघून गेला.

बंधुभगिनींनो, दत्तकाची चाल आपल्या देशात जुनी आहे, म्हणून हा शब्द आम्ही मुद्दाम योजला. दत्तक गेलेला मुलगा नव्या घराचे नाव लावतो, त्या घराच्या शेतीवाडीचा धनी होतो, म्हाताऱ्यांना अग्नी देतो. पण त्याबरोबर त्या घरावरचे जुने देणेही त्याच्याकडे येते. ‘ते माझ्या येण्यापूर्वीचे’ असे म्हणून सावकाराला परतविता येत नाही. कीओने ज्या देशाला आपले म्हटले, त्या देशाच्या माथ्यावर असे एक मोठे देणे होते, आणि ते त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे होते.

१८६८ साली फोर्ट लॅरमी येथे अमेरिकन सरकारने लाकोटा व त्यांच्या मित्र जमातींशी तह केला. त्याच साली बेल्जियन जेझुइट फादर द स्मेट हे पवित्र मरियेचे चित्र काढलेले निशाण घेऊन दूर रानात सिटिंग बुल या लाकोटा पुढाऱ्याच्या छावणीपर्यंत गेले होते. सोबत शस्त्रधारी पहारा नाही, वय सदुसष्ट. त्या वृद्ध धर्मगुरूच्या शब्दावर भरवसा ठेवून काही सरदार तहाला आले. तहाने ब्लॅक हिल्स नावाचा डोंगराळ मुलूख लाकोटांचा म्हणून कायम करून दिला. लाकोटांना तो मुलूख पवित्र. पण १८७४ साली सातव्या घोडदळाचे नायक कस्टर मोठी मोहीम घेऊन त्या डोंगरांत शिरले, आणि तेथे सोने असल्याची वार्ता देशभर पसरली. (कीओ या मोहिमेत नव्हता, तो तेव्हा रजेवर होता.) मग काय व्हावयाचे ते झाले. सोन्यासाठी लोकांची रीघ लागली. सरकारने डोंगर विकत मागितले. लाकोटांनी नकार दिला. तेव्हा हुकूम सुटला की, रानात फिरणाऱ्या सर्व टोळ्यांनी ३१ जानेवारी १८७६ पर्यंत नेमून दिलेल्या जागी हजर व्हावे, न होतील ते शत्रू समजले जातील. ऐन हिमात बायकापोरे घेऊन शेकडो मैल कोण येणार? मुदत टळली, आणि फौजा निघाल्या.

रविवार, २५ जून १८७६. अमेरिकन लोक ज्या नदीला लिटल बिगहॉर्न म्हणतात आणि लाकोटा जिला तेलकट गवताची नदी म्हणतात, तिच्या काठी लाकोटा व शायेन लोकांचा विशाल तळ पडला होता. बायकामुलांसह काही हजार माणसे. कस्टरने आपल्या पलटणीचे भाग पाडले आणि स्वतः पाच तुकड्या घेऊन तो तळाच्या दुसऱ्या टोकाकडे वळला. त्या पाचांत कीओची ‘आय’ तुकडी होती. पुढे काय घडले ते सांगावयास त्या पाच तुकड्यांतला एकही शिपाई उरला नाही; सुमारे दोनशे दहा माणसे त्या टेकाडांवर पडली. जे ठाऊक आहे ते लाकोटा आणि शायेन लढवय्यांनी मागाहून सांगितल्यामुळे. दोन दिवसांनी मदतीस आलेल्या फौजेला टेकाडाच्या पूर्वेकडील उतारावर कीओचे प्रेत सापडले. त्याच्याभोवती त्याच्याच तुकडीतील माणसे पडली होती. अर्थात शेवटपर्यंत त्यांनी आपल्या कप्तानाला सोडले नव्हते, की कप्तानाने त्यांना सोडले नव्हते. दोन्ही एकच.

पुष्कळ प्रेतांची विटंबना झाली होती. कीओच्या देहाची झाली नव्हती. त्याच्या गळ्यात कॅथलिक पवित्र चिन्ह होते असे पाहणाऱ्यांनी सांगितले, आणि त्यावरून लगेच आख्यायिका उठली की त्या चिन्हाच्या धाकाने शत्रूने हात आवरला. आमच्या मते अशा आख्यायिकांवर फार भार टाकू नये. पवित्र चिन्ह हा ताईत नव्हे. ज्यांच्या गळ्यांत तशीच चिन्हे होती असे कितीतरी शिपाई जगाच्या रणांगणांवर छिन्नविच्छिन्न झाले आहेत. एवढेच खरे की, रोममध्ये विसाव्या वर्षी पत्करलेली श्रद्धा छत्तिसाव्या वर्षी मोंटानाच्या गवतात त्याच्यासोबत होती.

त्या रणभूमीवर एक जखमी घोडा उभा सापडला. तो कीओचा ‘कोमँची’. अंगावर अनेक जखमा. पण त्याला वाचविण्यात आले. दोन वर्षांनी पलटणीने रीतसर हुकूम काढला की या घोड्यावर यापुढे कोणी बसू नये आणि त्याला कोणतेही काम देऊ नये. तो १८९१ साली मेला, तेव्हा त्याचे कातडे भरून ठेवण्यात आले, आणि तो आजही कॅन्ससमधील लॉरेन्स येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेआड उभा आहे. ‘लढाईतून वाचलेला एकमेव जीव’ अशी त्याची ख्याती पसरली. ही ख्याती आम्हांस नेहमी खटकते. त्या लढाईतून हजारो माणसे वाचली होती; फक्त ती लाकोटा आणि शायेन असल्यामुळे मोजणाऱ्यांच्या नजरेस पडली नाहीत. स्वाराला विसरून घोड्याला स्मरणे हे एक वेळ समजू शकते. पण घोडा मोजला जातो आणि माणसे मोजली जात नाहीत, हे कसले स्मरण?

कीओला प्रथम जेथे पडला तेथेच पुरले. पुढल्या वर्षी, ऑक्टोबर १८७७ मध्ये, त्याच्या इच्छेप्रमाणे न्यूयॉर्क संस्थानातील ऑबर्न गावच्या फोर्ट हिल दफनभूमीत त्याचा देह नेऊन ठेवण्यात आला. त्या गावचे एक कुटुंब त्याच्या स्नेहातले होते, आणि परक्या देशात घर म्हणावे असे त्याला तेवढेच होते. मोंटानातील एका लष्करी ठाण्याला त्याचे नाव देण्यात आले. आयर्लंडलाही त्याचा विसर पडलेला नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हे सर्व सांगितले त्याकडे वळू. हा शिपाई शूर होता, इमानी होता, आपल्या माणसांजवळ पडला. आणि ज्या कार्यात तो पडला ते कार्य अन्यायाचे होते. हे आमचे एकट्याचे मत नव्हे. १८७७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ब्लॅक हिल्स घेतल्या. आणि १९८० साली त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, तो मुलूख योग्य मोबदल्याशिवाय घेण्यात आला, सबब व्याजासह दहा कोटी डॉलरांवर भरपाई द्यावी. लाकोटांनी ती रक्कम आजतागायत स्वीकारलेली नाही. आम्हांस पैसा नको, डोंगर हवेत, असे त्यांचे म्हणणे. गरिबीने गांजलेल्या लोकांनी एवढ्या द्रव्याला पाठ फिरवावी, यावरून जखम किती खोल असेल याचा अंदाज करावा. आणखी एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे लढाई झाली ती भूमी तहाने क्रो नावाच्या तिसऱ्याच जमातीला दिलेली होती, आणि क्रो लोकांचे लाकोटांशी जुने वैर असल्यामुळे त्यांच्यातील काही तरुण वाटाड्ये होऊन फौजेबरोबर आले होते. जगातील तंटे आपण समजतो तितके दोन बाजूंचे नसतात.

संत थॉमस अक्विनास यांनी न्याय्य युद्धासाठी अधिकार, कारण आणि हेतू अशा तीन कसोट्या सांगितल्या. हुकूम देण्याचा अधिकार सरकारला होता, आणि कीओचा स्वतःचा हेतू कर्तव्य करण्यापलीकडे काही होता असे मानण्यास आधार नाही. कसोटी हुकते ती कारणापाशी, आणि कारण ठरविणारा कप्तान नव्हता. म्हणून त्याच्यावर दोष किती, हे देवाच्या दरबारावर सोपवावे. पण त्याच्यावर मुळीच नाही असे म्हणून मोकळे होणेही आम्हांस मान्य नाही. ज्याच्या बापजाद्यांच्या भुईवर परक्यांनी ताबा केला, ज्याने लहानपणी दुष्काळात उठलेली गावे पाहिली, त्या आयरिश माणसाला त्या तळाकडे दौडताना काही आठवले नसेल काय? घराचे देणे त्याच्याही दारी आले होते. ज्या कुटुंबांची मुले परदेशाचे निशाण स्वीकारतील त्यांना आम्ही इतकेच विचारू की, मुलाला निरोप देताना पगार विचारता, पत्ता विचारता, त्याबरोबर हेही विचाराल काय: त्या भूमीवर तुझ्या आधी कोण राहत होते, आणि ते आता कोठे आहेत?

त्या दिवशी नदीकाठच्या तळात बारा वर्षांचा एक लाकोटा मुलगा होता. त्याचे नाव ब्लॅक एल्क. सगळा गोंधळ त्याने डोळ्यांनी पाहिला, आणि म्हातारपणी तो सांगितलाही. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनात तो वृत्तांत आहे. वाचवत नाही, पण वाचावा. मोठेपणी तो आपल्या लोकांचा वैदू झाला. एका प्रसिद्ध खेळमंडळीबरोबर युरोप फिरून आला. १८९० साली वुंडेड नी येथे त्याच सातव्या घोडदळाने बायकामुलांसह लाकोटांची जी कत्तल केली, तिच्या दिवशी तो धावून गेला होता. एवढे सर्व पाहिल्यावर गोऱ्यांच्या धर्माचे तोंडही त्याने पाहिले नसते, तर त्याला कोण दोष देता? परंतु ६ डिसेंबर १९०४ रोजी, संत निकोलसच्या सणाच्या दिवशी, जेझुइट धर्मगुरूंच्या हातून त्याने स्नानसंस्कार घेतला आणि निकोलस हे नाव धारण केले. पुढे कित्येक वर्षे तो धर्मशिक्षक म्हणून गावोगाव फिरला. दृष्टी अधू होत चालली होती, तरी लाकोटा भाषेत शिकवी, आजाऱ्यांपाशी बसे, धर्मगुरू नसतील तेथे प्रार्थना चालवी. चारशेहून अधिक माणसे त्याच्यामुळे धर्मसभेत आली असे सांगतात. आपल्या लोकांचे दुःखही त्याने कधी टाकले नाही. दोन्ही त्याने एकाच छातीत वागविले. १९५० साली तो निवर्तला. २०१७ साली रॅपिड सिटी धर्मप्रांताने त्याला संतपद मिळावे म्हणून चौकशीचे काम सुरू केले, आणि आज त्याला देवाचा सेवक असे संबोधण्यात येते.

त्या टेकाडांवर १८९० साली, जेथे जेथे शिपाई पडला तेथे तेथे संगमरवराचे पांढरे दगड बसविण्यात आले. कीओच्याही नावाचा एक आहे. लाकोटा आणि शायेन जेथे पडले तेथे मात्र शंभराहून अधिक वर्षे काहीच नव्हते. १९९१ साली त्या स्थळाचे कस्टरच्या नावावरून ठेवलेले नाव बदलून नदीचे नाव देण्यात आले; १९९९ सालापासून तांबड्या दगडाच्या खुणा उभारण्यास आरंभ झाला, आणि २५ जून २००३ रोजी मूळ रहिवाशांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. आता तेथे एकाच गवतात पांढरे आणि तांबडे दगड उभे आहेत.

उद्या सकाळी सहाच्या मिस्सेत आपल्या धर्मग्रामातील मृतांसाठी, विशेषतः परदेशी माती मिळालेल्यांसाठी, प्रार्थना होईल. ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांच्या घरच्यांनी ती आज रात्री चिठ्ठीवर लिहून दाराजवळच्या पेटीत टाकावीत; गाव, देश आणि ठाऊक असल्यास दफनाची जागाही लिहावी, म्हणजे वहीत नोंद करता येईल. त्या यादीच्या शेवटी आम्ही स्वतः दोन नावे लिहिली आहेत: मायल्स आणि निकोलस.